काहीच न घडण्याचा प्रयोग

दिनांक १४ मार्च रोजी भर दुपारी, विभागप्रमुखांच्या आदेशावरून तळघरातील प्रयोगशाळेला कुलूप ठोकण्यात आले. लेखी कारण असे : ‘प्रयोगात काहीही घडत नाही.’ वाक्य जसेच्या तसे नोंदवले आहे.

त्या बिनखिडकीच्या खोलीत जिची उमेदीची वर्षे सरली, त्या संशोधिकेला सगळा विभाग थंडाबाई म्हणतो. काम ऐकायला सोपे. लेझरच्या प्रकाशात अणूंचा अतिथंड पुंजका कोंडायचा आणि तो सतत हलवायचा. एकमेकांना ढोसणारे ते अणू सावकाश हलवले की तापतात. पण अतिशय वेगाने हलवले, तर तापायचे नावच घेत नाहीत.

‘‘ते गं कसं?’’ सासूबाईंनी एकदा भाजी निवडताना विचारले होते.

‘‘एकेका हिसक्याची ऊर्जा एकट्यादुकट्या अणूला पेलत नाही, आई. ती गिळायची तर पुष्कळांनी एकदम संगनमत करायला हवं.’’

‘‘आपल्या भाऊबंदांसारखंच की! पण कधीतरी जमेलच त्यांचं.’’

‘‘जमेल. किती उशिरा, तेच मोजायचंय.’’

सर्वांत वेगवान टप्प्याची मोजणी तेवढी उरली होती. आणि १४ मार्चच्या त्या दुपारी विभागप्रमुख पाहुण्यांना घेऊन खाली उतरले. पडद्यावर तापमानाची सरळ आडवी रेघ.

‘‘बाई, ही रेघ मघापासून ढिम्म हललेली नाही!’’

‘‘सर, तेच तर दिसायला हवं.’’

‘‘काही न घडण्यासाठी एवढं वीजबिल?’’ पाहुणे खो खो हसले.

तिच्या अंगाची लाही झाली. कपाळावर मात्र आठीही नाही. फरक तरी कळेल, या भाबड्या आशेने तिने पुढचा पुंजका मुद्दाम सावकाश हलवला. रेघ ताडकन उसळली, पुंजका विखुरला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

‘‘तापतंय की!’’ विभागप्रमुख म्हणाले. ‘‘मग आता सिद्ध काय करायचं राहिलं?’’ आणि किल्ली मागितली. लेखी कारण मात्र त्या आडव्या रेघेचेच दिले.

आता तिला कुलपासमोरच्या बोळात एक टेबल दिले आहे. दाराआड निर्वात पंप अजून घरघरतो. तो बंद करण्याचीही तिला मुभा नाही. येणारा-जाणारा टोमणा मारून जातो. ती भडकत नाही, म्हणजे तिला काही सलत नाही, असे सर्वांनी सोयीस्करपणे ठरवून टाकले आहे. तिच्या एकटीच्याने ते कुलूप निघणार नाही.

तेव्हा वाचकहो, हळहळू नका. सगळ्यांनी मिळून ती खोली उघडायला लावा आणि तिला शेवटचा टप्पा मोजू द्या.