शुगर उतरली त्या दिवशी

"तोंड उघड. हा कर." सुपरवायझरनं माझे केस धरून मान मागं ओढली आणि नाक माझ्या तोंडाला लावलं. दारूचा वास आला नाही, तरी फाडकन थोबाडीत ठेवून दिली. ओठ फाटला. अख्खी लाइन बघत होती.

"तुमच्या लोकांचं हेच. सकाळी सकाळी ढोसून येता."

तुमच्या लोकांचं. माझं आडनाव त्याला चांगलं पाठ होतं.

मी आयुष्यात दारूला शिवलो नाही. मला शुगर आहे. मोशीच्या खोलीवर इन्सुलिन टोचून निघायचं, चाकणला कंपनीत लाइनला लागलं की थोड्या वेळानं नाश्ता; टोचून खाल्लं नाही तर शुगर उतरते. पण आमच्याकडं रिलीव्हर आल्याशिवाय, म्हणजे बदली माणूस उभा राहिल्याशिवाय, कंत्राटी कामगारानं जागा सोडायची नाही. मुतायलासुद्धा नाही. त्या दिवशी रिलीव्हर आलाच नाही. "साहेब, खायला सोडा, शुगर उतरतेय," मी म्हणालो. तो हसला. मग हात थरथरायला लागले, शर्ट घामानं भिजला, जीभ जड झाली. ह्याला तो दारू म्हणत होता. मी कोसळलो तर बरगडीत बुटाची लाथ घातली भडव्यानं.

कंपनीची अँब्युलन्स गेटात उभी होती. ती पर्मनंटवाल्यांसाठी. लाइनवरच्या माझ्या लातूरकडच्या जोडीदारानं मला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. शिरेतून ग्लुकोज गेलं तेव्हा डोळे उघडले.

"अजून उशीर झाला असता तर वाचला नसतात," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "ओठाला काय झालं?"

उशाशी आम्हाला कामावर लावणारा ठेकेदार उभा. "घरी पडला, मॅडम." मग माझ्या कानात, "गप राहा भावा. तुला पर्मनंट करतो."

ह्या एका शब्दासाठी मी वर्षानुवर्षं मान खाली घालून राबलो होतो. खबर कळून आलेली बायको पायाशी उभी होती, ती माझ्याकडं बघायला लागली. खोटं कशाला बोलू, मन डळमळलं. पण मी काय मागितलं होतं? दोन घास. त्यापायी लाथ. माझं डोकंच फिरलं. सलाइनच्या हातानं ठेकेदाराची कॉलर धरली. सुई निसटली, रक्त त्याच्या शर्टावर उडालं.

"पडलो नाही. सुपरवायझरनं मारलं. जात काढून मारलं. लिहा मॅडम."

दवाखान्यातल्या चौकीचा हवालदार आला. "अ‍ॅट्रॉसिटी लावायची? नोकरी जाईल बघ."

"लावा."

नोकरी गेली. समझोत्याचे निरोप घेऊन माणसं अजून येतात. एकालाही दारात उभं करत नाही. तारखेला इन्सुलिन टोचतो, पोटभर जेवतो आणि कोर्टात त्या सुपरवायझरच्या समोर जाऊन बसतो. तो आत गेलेला बघेपर्यंत मी मरणार नाही.