देवांच्या पेटीतलं पत्रक

देवांच्या पेटीत राजद्रोह ठेवू नये, हे मला गॉलच्या किल्ल्याच्या दरवाजात कळलं. (दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गेल्या महिन्यात दरबारची नोकरी सोडली. म्हणून आता लिहायला हरकत नाही.)

आक्काचे यजमान सिलोनात, गॉल बंदरात डॉक्टर. तिला मुलगा झाला आणि दादा, आई आणि मी असे तिघं ग्वाल्हेरहून बारशाला निघालो. देवांना घरी एकटं टाकून रावणाच्या मुलखात जायला आई तयार नव्हती. तेव्हा देवांचे सगळे टाक आणि मूर्ती तांब्याच्या पेटीत बसून आमच्याबरोबर निघाले. अंघोळ केल्याशिवाय त्या पेटीला शिवायचं नाही, हा आमच्या घरचा कायदा. याहून सुरक्षित जागा हिंदुस्थानात कुठली? निघायच्या आदल्या दिवशी तळाच्या लाल कापडाखाली मी माझी चाळीस पत्रकं सरकवली.

पत्रकं मुजऱ्याविरुद्ध होती. माणसाने माणसापुढे कमरेत तीन-तीनदा वाकायचं, ते कशासाठी? पाटणकर बाजारात मी ती वाटली, तर लोक त्यात तिळाची गजक बांधून घेऊन गेले! उरलेली घरी ठेवावीत तर झडतीचं भय. सापडली की दादांची तीस वर्षांची नोकरी गेलीच.

गॉलच्या किल्ल्याला भला मोठा दरवाजा आहे. लढाईचे दिवस, त्यामुळे पहाऱ्यावर एक गोरा साहेब. त्याने पेटीकडे बोट दाखवलं. आई दादांना म्हणाली, "त्याला म्हणावं, अंघोळ करून ये, मग शिव." दादांनी ते इंग्रजीत फारच अदबीनं सांगितलं. साहेब हसला आणि त्याने जा म्हणून हात हलवला.

इथे मी गप्प बसलो असतो तर ही गोष्टच झाली नसती. पण हात हलवतो? माझ्या आईला? गाय हाकलावी तसा? मी खामखा पेटीपुढे उभा राहिलो आणि नागरिकांच्या हक्कांवर इंग्रजीत भाषण ठोकलं. पाच मिनिटांत साहेबाने पेटी उघडायला लावली.

आईने स्वतःच्या हातांनी एकेक देव बाहेर काढला. खंडोबा, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि खाली चाळीस वेळा "धिक्कार!"

साहेबाने एक प्रत दादांपुढे धरली. हे काय छापलंय? एक शब्द खरा सांगितला असता तर ग्वाल्हेरला तार गेली असती. दादांनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं. (शेवटपर्यंत वाचणारे तेच पहिले. आणि अखेरचे.) मग शांतपणे म्हणाले की ही प्रार्थना आहे. साहेबाला ते पटेना. मग म्हणून दाखवा, म्हणाला.

दादा माझ्याकडे वळले. "म्हण."

"मी लिहिलंय हे तुम्हाला कसं..."

"घरात धिक्कार दुसरं कोण करतं? म्हण. आरतीच्या चालीवर. आणि जरा भाव आण."

मी डोळे मिटले आणि सुरुवात केली, "ऊठ रयते, सोड लाचारी, किती वाकशील दारोदारी!" दादा टाळ्यांनी ठेका धरू लागले. तीस वर्षं मुजरे घातलेले ते हात! "धिक्कार असो" आलं तेव्हा तर त्यांनी माझ्यापेक्षा वरचा सूर लावला. आईने शब्द ऐकले नाहीत, चाल ऐकली आणि हात जोडले. तिचे जोडलेले हात पाहून साहेबाने टोपी काढली.

आत आल्यावर मी दादांना गाठलं. मी म्हटलं, "दादा, माझ्यामुळे तुमची नोकरी..."

"भाषण केलंस तर पेटी उघडली, गायलास तर बंद झाली. एवढं लक्षात ठेव." त्यावर ते पुन्हा कधी एक शब्द बोलले नाहीत. असे उपकार फेडायचे कसे, हे कुठल्याच पत्रकात सापडत नाही.

आईला मात्र एकच प्रश्न पडला होता. "खरं सांग, पारोशानंच हात लावलास ना?"

त्याच दिवशी दादांनी आक्काच्या चुलीत एकोणचाळीस पत्रकं घातली. चाळिसावं आईने घालू दिलं नाही. देवांबरोबर समुद्र ओलांडून आलेलं, वर आरती झालेलं! ते आता ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या घरी, आमच्या देव्हाऱ्यात आहे. तिला वाचता येत नाही. ती रोज त्याला हळदकुंकू वाहते आणि मला त्याच्यापुढे नमस्कार करायला लावते. अंघोळ करून, कमरेत नीट वाकून.