विरागला मारायचं नाही

वाडीच्या त्या ट्रान्सपोर्ट गोदामात देवरावच्या हाताखालून गेल्याशिवाय एकही गाठ ट्रकवर चढत नाही. गांधीबागेतून कापडाच्या गाठी येतात, इतवारीतून भांड्यांची खोकी येतात, आणि देवराव काळ्या रंगाच्या डब्यात ब्रश बुडवून प्रत्येकीवर पार्टीचा मार्का आणि गावाचं नाव घालतो. यवतमाळ, गोंदिया, पांढुर्णा, बालाघाट. आता छापील चिकटपट्ट्या निघाल्यात, पण नागपूरच्या उन्हात त्या सुटतात, आणि गाव नसलेली गाठ म्हणजे गोदामाच्या डोक्याला ताप. ती कोपऱ्यात पडून राहते, उंदीर तिचं काय ते बघून घेतात, आणि शेवटी ती कुणाचीच राहत नाही. म्हणून साठी जवळ आली तरी मालकाने देवरावला सोडलेलं नाही. "गाव घातल्याशिवाय मी कोणाले हलू देत नाही," असं तो हमालांना ऐकवतो. हमाल हसतात, कारण हा माणूस स्वतः लहानपणापासून शनीभोवती फिरतो आहे हे त्यांना ठाऊक आहे.

शनी म्हणजे आकाशातलाच. साडेसातीचा नव्हे, तिच्यावर देवरावचा विश्वास नाही. त्याचा बाप गिरणीत होता, आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतलेली. घरात बाबासाहेबांचे ग्रंथ आणि शाळेची पुस्तकं सोडली तर तिसरं काही वाचायला नसायचं. ते तिसरं देवरावला इतवारीत सापडलं. काटोलकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा, नानाजी, तिथे एका जिन्याखाली पुस्तकं भाड्याने द्यायचा. नानाजी हे त्याचं पाळण्यातलं नाव, वयाने तो देवरावपेक्षा सहा-सात वर्षांनीच मोठा. त्याने या शाळकरी पोराच्या हातात एक पातळ पुस्तक ठेवलं. मुखपृष्ठावर काचेचं शिरस्त्राण घातलेला, मिशीवाला माणूस होता. कप्तान विराग.

पोरगा ते पुस्तक जिन्यावर बसूनच वाचून संपवून गेला, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्यासाठी आला. तिथून त्या दोघांची दोस्ती जुळली ती जुळलीच. एकाच्या घरी महालक्ष्म्या बसत, दुसऱ्याच्या घरी बुद्धवंदना होई, आणि दोघांच्या मध्ये विराग असे.

विरागचे बरेच भाग निघाले. शेवटच्यात त्याचं 'सारंग' नावाचं यान शनीजवळ निकामी होतं. छोट्या होडीयानात सगळ्यांना जागा नसते. विराग सोबत्यांना बसवून पाठवून देतो आणि एकटा मागे राहतो. खाली छापलं होतं, 'उर्वरित कथा पुढील भागात'. तो पुढील भाग आलाच नाही. लेखक वारला, प्रकाशकाने गाशा गुंडाळला, आणि विराग बिचारा तिथेच लटकला.

वाचणाऱ्यांनी काय करायचं? नानाजीने त्यावर तोड काढली. जिन्याखालच्या पुस्तकांचं पुढे दुकान झालं, दुकानावर माडी झाली, आणि त्या माडीवर रविवारी सकाळी विरागची माणसं जमू लागली. ज्याने त्याने आपापला शेवट लिहून आणायचा आणि वाचून दाखवायचा. एस.टी.तून निवृत्त झालेले चंपतराव दर खेपेला विरागला सोडवायला अख्खं सैन्य पाठवत. शाळेत शिकवणाऱ्या प्रीतीताईंचा विराग शनीच्या चंद्रावर बाग लावी. देवराव सगळ्यांत चांगलं लिहायचा. लोक माडीवर चहा प्यायला येतात आणि देवरावचं ऐकायला थांबतात, असं नानाजी म्हणायचा.

मंडळाला नियम एकच होता, आणि तो नानाजीनेच केलेला. सुरुवातीला कुणा एकाने तीन ओळींत विरागला जाळून टाकलं होतं. नानाजी एवढा तापला की त्याने त्या माणसाचा अर्धा चहा काढून घेतला. "विरागले माराचं नाही," तो म्हणाला. "ज्याले माराचा असन त्यानं आपल्या घरी मारावं." तेव्हापासून माडीवर विराग कधी मेला नाही. वर्षानुवर्षं, रविवारच्या रविवारी, तो काही ना काही करून वाचत आला.

या उन्हाळ्यात नानाजीने खाट धरली. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, हातपाय काड्यांसारखे झाले. मोठ्या दवाखान्यातून त्याला घरी पाठवलं, आणि घरी का पाठवलं ते सगळ्यांना कळलं. ज्याला कळायला हवं होतं त्याला सोडून. त्याला सांगितलं, कावीळ आहे, उतरेल.

देवराव पहिल्यांदा भेटायला गेला तेव्हा नानाजीच्या सुनेने, भूमिकाने, त्याला दारातच थांबवलं. डोळे सुजलेले, पदर कमरेला खोचलेला. पोरगी सासऱ्याचं सगळं करत होती.

"काका, आत काही बोलू नका बरं. बाबायले माहीत नाही."

"नाही बोलत, बाई," देवराव म्हणाला.

आत चंपतराव बसले होते. "अरे, दिवाळीले तुम्ही आमच्या आधी माडी चढता का नाही पाहा," असं ते म्हणत होते. शेजारीण आली, ती म्हणाली तिच्या भावाची कावीळ तर याहून वाईट होती. जो येई तो धीर देई. भीक नको पण कुत्रा आवर, अशी नानाजीची गत झाली होती. तो प्रत्येकाला "हो ना, हो ना," म्हणत होता आणि भिंतीकडे बघत होता.

सगळे गेल्यावर त्याने देवरावला जवळ बोलावलं.

"देवराव, माह्यं एक काम कर गा."

"सांग ना."

"विरागले मरू दे एकदा."

देवरावला वाटलं, तापात बोलतो आहे. त्याने कपाळाला हात लावला. ते थंड होतं.

"तो नियम तूच केला न गा," देवराव म्हणाला.

"केला. चुकलो. आता कोणी मानूनच नाही राहिलं की माणूस मरते. मी ज्याले इचारतो तो दिवाळी सांगते." नानाजीला दम लागला. थोडा थांबून तो म्हणाला, "मले पाहाचं आहे का तो कसा गेला. भ्याला काय. काय म्हणे. तू लिहिशीन त मले समजन. चंपतरावले सांगितलं त तो सैन्य पाठवन."

"मी काहून?"

"तू कोणती गाठ बिना गावाची सोडते काय?"

देवरावने मान डोलावली आणि बाहेर येऊन सायकलचं कुलूप उघडता उघडता रडला. रडायला ती जागा बरी होती, वाकलेल्या माणसाला कुणी विचारत नाही.

आता हे काम वाटलं तेवढं सोपं नव्हतं. गोदामात जेवणाच्या सुट्टीत तो लिहायला बसला. विरागचा प्राणवायू संपत आला, हात गार पडले, आणि ऐन वेळी देवरावच्या लेखणीतून एक टाकी निघाली जी कुणी मोजलीच नव्हती. त्याने तो कागद फाडला. दुसऱ्यांदा होडीयान परत आलं. तिसऱ्यांदा विराग झोपला आणि ते सगळं स्वप्न निघालं, ज्या युक्तीला माडीवर सगळ्यांनी मिळून शिव्या घातल्या असत्या. एवढी वर्षं ज्याला वाचवायची सवय लागली होती त्याला मारताना देवरावच्या नाकी नऊ आले.

घरी सिंधूताई, त्याची बायको, हे बघत होती. तिला विराग-बिराग काही आवडत नसे, पण नानाजीसाठी जीव तुटत होता.

"काय लिहून राहिले एवढं?"

"विराग मरत नाही वं."

"मंग तुमी मधात काहून पडता?" ती म्हणाली. "तुमचे बाबा गेले तेव्हा तुमी काय केलं होतं? बसूनच होते न जवळ? तसंच बसा."

बायकोचं ऐकावं असं देवरावला क्वचितच वाटे. त्या दिवशी वाटलं. तो कागदाशी नुसता बसून राहिला आणि विराग काय करेल ते बघू लागला. विरागने फार काही केलं नाही. त्याने आपला चहाचा पेला धुतला आणि जागेवर ठेवला. सोबत्यांच्या मागे राहिलेल्या चपला सरळ लावल्या. खुर्ची खिडकीकडे वळवली. मग पृथ्वीला निरोप धाडला. तिथवर आवाज पोचायला तासाच्या वर वेळ लागतो, म्हणून तो म्हणाला, 'उत्तर देऊ नका, मी ऐकायला नसेन. भीती होती, ती थोडा वेळ होती. आता खिडकीत कडं दिसतंय. छान आहे.' आणि विराग गेला. दोनच पानं झाली. सिंधूताईने ती वाचून घेतली आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली, तेव्हा देवरावला कळलं की ती बरोबर उतरली आहेत.

दुपारी तो नानाजीकडे गेला. बाहेर नुसता जाळ होता, आत कूलर घरघरत होता. देवरावच्या खिशातले कागद बघून नानाजीचे डोळे चमकले. कित्येक दिवसांत त्याने पहिल्यांदा काही मागितलं. "उशी दे पाठीले. आणि तो कूलर बंद कर, आईकू येत नाही."

कूलर बंद झाला. देवराव वाचू लागला. नानाजीने डोळे मिटले होते. पेला धुवून झाला, चपला लावून झाल्या, आणि नानाजीच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल पडत गेली. "हां," तो मध्येच म्हणाला, "असाच. असाच आहे तो."

भूमिका चहा घेऊन दारात आली आणि तिथेच थबकली. विराग कोण ते तिला ठाऊक होतं. या घरात ते कुणाला ठाऊक नव्हतं? खुर्ची खिडकीकडे वळली तेव्हा तिला सगळं समजलं. तिने देवरावकडे बघून मान हलवली. नाही, काका.

देवरावने कागदात डोळे घातले. पुढची ओळ निरोपाची होती. ती त्याला पाठ होती, नुसती म्हणायची होती. पण त्याची नजर कागदावरून खाली गेली, नानाजीच्या हाताकडे. ज्या हाताने पहिलं पुस्तक दिलं होतं, तो पिवळा हात चादरीवर उताणा पडला होता, काहीतरी घ्यायला ठेवल्यासारखा. आणि देवरावच्या तोंडून जे निघालं ते कागदावर नव्हतं.

"तेवढ्यात रेडिओ खरखरला," देवराव म्हणाला. "होडीयान परत आलं होतं."

नानाजीने डोळे उघडले.

"कोण आलं?"

"आपलेच. सगळे. त्यायनं दार उघडलं आणि त्याले घेतलं."

नानाजी त्याच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग असता तर देवरावला बरं वाटलं असतं. राग नव्हता. चंपतरावांसाठी, शेजारणीसाठी त्याच्याकडे जो चेहरा होता तोच त्याने आता देवरावसाठी केला.

"हो ना," तो म्हणाला. "बरं झालं. वाचला."

मग त्याने उशी काढायला सांगितली आणि कूलर लावायला सांगितला. भूमिकाने चहा दिला. देवरावने तो उभ्यानेच प्यायला. जीभ भाजली. दारात ती हळूच म्हणाली, "तुमचे उपकार झाले, काका." ते ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवसापासून गोदामात देवरावचं लक्ष लागेना. एका गाठीवर त्याने मार्का घातला आणि गाव घालायचं राहिलं. हमालाने ती परत आणली तेव्हा तो तिच्याकडे खुळ्यासारखा बघत बसला. चूक सगळी त्याची होती आणि तिला कुणी चूकही म्हणणार नव्हतं. सुनेचा शब्द पाळला, मंडळाचा नियम पाळला. फक्त ज्याने एवढंसं मागितलं होतं तो तसाच राहिला. उद्या जाऊ आणि खरं वाचू, असं देवराव रोज ठरवायचा, आणि रोज वाडीच्या नाक्यावर ट्रकांची रांग मोठी निघायची. माणसाला जायचं नसलं की रांग मोठीच असते.

शेवटी सिंधूताईने कागद त्याच्या खिशात घातले आणि त्याला घराबाहेर काढलं.

नानाजी पडून होता. डोळे अर्धे उघडे, त्यांत कुणी नव्हतं. सकाळपासून असंच आहे, भूमिका म्हणाली. हाक मारली तर ओ नाही. पाण्याचा चमचा लावला तर ओघळून जातं. ती पायाशी खाली बसली होती, आणि आता लपवायला काहीच न उरल्यामुळे तिचा चेहरा अगदी लहान मुलीसारखा दिसत होता.

"त्यायनं काल तुमचं नाव काढलं होतं," ती म्हणाली. "काय म्हणून राहिले ते मले समजलं नाही. कागद का काही, म्हणे."

देवराव खाटेजवळ बसला. त्याने कागद उलगडला. या वेळी त्याने दाराकडे बघितलं नाही, हाताकडेही नाही. पेला धुतला, चपला लावल्या, खुर्ची वळवली. त्याचा आवाज त्यालाच ऐकू येत नव्हता. भूमिका उठली. तिने जाऊन कूलर बंद केला.

"मोठ्यानं वाचा न, काका," ती म्हणाली. "बाबायले आईकू गेलं पाहिजे."

तो मोठ्याने वाचू लागला. निरोप वाचला. भीती होती, ती थोडा वेळ होती, हेही वाचलं. विराग गेला, आणि भूमिकाने तोंडाला पदर लावला. पुढे काही लिहिलेलं नव्हतं. नानाजीचा श्वास होता तसाच चालला होता, डोळे होते तसेच छताकडे होते. कपाळावर आठी पुन्हा आली होती. देवराव ती सैल पडायची वाट बघत बसला. बराच वेळ बसला. मग त्याने पहिलं पान वर घेतलं आणि पुन्हा सुरुवातीपासून, आणखी मोठ्याने, वाचायला लागला.