बर्फातला फोटो

जयंतदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथं आखातात, जाब्रियातल्या लॅबमध्ये ड्यूटीवर होते. "अगं, सकाळी उठलेच नाहीत..." फोनवर मेधावहिनी होत्या. आदल्याच संध्याकाळी दादा मला चहाला थांबवून घेऊन म्हणाले होते, "वीजघर बांधून झालं. आता तिथं बर्फ पडू दे, फोटो येऊ दे. इराला नाही सापडलं, तरच मी पास!"

दादा इंजिनियर, खैतानमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. हिमाचलातल्या एका खेड्याच्या ओढ्यावर छोटं वीजघर आखायचं काम त्यांच्याकडे आलं आणि जेवणाच्या टेबलावर हिमालय अवतरला. बकाल्यातली, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली रिकामी खोकी, कागदाचा लगदा, रंग... वहिनी बिचाऱ्या सतरंजीवर पानं वाढायच्या. आल्यागेल्याला दादा टेबलासमोर बसवायचे, "वीजघर शोधून दाखव!" चटकन सापडलं की चेहरा पडायचा. "म्हणजे डोंगराला खुपतंय ते."

सगळ्यांत कडक परीक्षक त्यांची लेक इरा, तेव्हा नऊ वर्षांची. वीजघराचं हिरवं पत्र्याचं छप्पर झाडीत मिसळलं म्हणून दादांची स्वारी खुशीत होती. इरा म्हणाली, "बाबा, व्हॉट अबाउट स्नो?" दादांनी मुकाट्यानं चाळणी आणून डोंगरावर तांदळाचं पीठ भुरभुरवलं. उतरत्या पत्र्यावरचं पीठ घसरलं, आणि पांढऱ्या डोंगरात हिरवा चौकोन असा उठून दिसला की आम्ही पोट धरून हसलो. "घ्या! बाहेर पन्नास डिग्री आणि माझी विकेट बर्फानं काढली!"

मग त्यांनी वीजघर अर्धं उतारात दडवलं, भिंती तिथल्याच दगडाच्या केल्या आणि छपरावर माती-गवत घातलं. खोदकामानं काम लांबेल म्हणून वरिष्ठ तयार होईनात. कधी आवाज न चढवणारे दादा फोनवर कडाडले, "वीज गावकऱ्यांच्या डोंगरातून काढायची, आणि जन्मभर पत्रा त्यांनीच बघायचा?" कित्येक महिने भांडले, पण मनासारखं करूनच घेतलं. आणि बर्फ पडायच्या आत निघून गेले. मला अजून राग येतो त्यांचा.

गेल्या आठवड्यात वहिनींच्या मोबाईलवर गावातून फोटो आला. पांढरा डोंगर, मधून वाहणारा काळा ओढा. मी बघितलं, वहिनींनी बघितलं. आम्हाला कधीच सापडायचं नाही, आमचं काय! इरानं मोबाईल घेतला. फोटो मोठा केला, सरकवला, पुन्हा मोठा केला... टेबलावरचा हिमालय अजून तिथंच आहे, घळींमध्ये पीठ अडकलेलं. इरा उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "नाही सापडत."