फलाट क्रमांक चार

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी ठरवलं की मास्तरकी सोडायची आणि बसस्टँडवर अनाउन्सर व्हायचं. सत्तरचं दशक संपत आलं होतं. माझ्या वयाचे लोक प्लॉट घेत होते, द्राक्षबागांच्या गप्पा मारत होते. मला माइक हवा होता.

कारण साधं होतं. माझं कुणी ऐकत नव्हतं. वर्गात मी वीस वर्षं भूगोल शिकवत होतो आणि मागच्या बाकांवर वीस वर्षं दुसरंच काहीतरी चाललं होतं. घरी तर बोलायलाच नको. दूधवाला येऊन गेला असं मी सांगितलं की बायको पातेल्यावरचं झाकण उचलून बघायची. तिचा माझ्यावर राग नव्हता. मी सांगितलेली गोष्ट दुसऱ्या कुणीतरी सांगितल्याशिवाय तिला खरी वाटत नसे, इतकंच. किती वाजले हे मी सांगितल्यावर ती शेजारणीला विचारायची, आणि शेजारणीचं घड्याळ कायम बंद असायचं.

त्यात एकदा सासुरवाडीला, सिन्नरला जायला म्हणून आम्ही स्टँडवर उभे होतो. वरच्या भोंग्यातून कुणीतरी रांजणात तोंड घातल्यासारखं बोलत होतं. सिन्नर म्हणतोय की सटाणा, काही कळेना. लोक ऐकतही नव्हते. गाडी लागली की आधी आत बसलेल्याला विचारायचं, मग ड्रायव्हरला, मग कंडक्टरला, आणि तिघांचं जुळलं तरच पायरीवर पाय ठेवायचा, अशी आपल्याकडची रीत. माझं डोकं फिरलं. "याच्यापेक्षा मी शंभर पटीनं बरं बोलीन," मी बायकोला म्हणालो. तिनं कंडक्टरला विचारलं, "ही सिन्नरचीच ना?"

आमच्या खालच्या मजल्यावर स्टँडचे कंट्रोलर राहायचे. भोंग्यातले काका दिवाळीत रिटायर होणार, ही बातमी त्यांच्याकडूनच कळली. मी तयारीला लागलो. तांब्या तोंडाशी धरला की आवाज छान घुमायचा. "आंघोळीला जाणाऱ्यांनी लक्ष द्यावे, पाणी तापलेले आहे." बायको पाण्यात बोट घालून बघायची. पुढे तीही चेव आल्यासारखी स्वयंपाकघरातून ओरडायला लागली, "भात आज उशिरा सुटेल! वरण रद्द!"

मे महिन्यात काका मुलीच्या लग्नासाठी रजेवर गेले. शाळेलाही सुट्टी होती. कंट्रोलर म्हणाले, "मास्तर, चार दिवस बसून तर बघा. राजीनामा काय, नंतर बी देता येतो." मनात तो मी केव्हाच देऊन टाकला होता.

केबिनमध्ये भिंतीवर एक तक्ता होता. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते ते त्यात लिहिलेलं. खिडकी मागच्या रसवंतीकडे उघडायची, त्यामुळे फलाट काही दिसत नसत. मी घसा साफ केला आणि तक्त्याबरहुकूम, एकेक अक्षर सुटं करत बोललो, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. सिन्नरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे." नंतर कंट्रोलरनी सांगितलं की लोकांनी चक्क माना वर केल्या होत्या. माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर ते सगळे नेहमीप्रमाणे एकमेकांना विचारायला गेले, हेही त्यांनी सांगितलं. तेवढं मी मनावर घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी बायको एकटीच माहेरी निघाली. दुपारी गेली. संध्याकाळी केबिनचं दार ढकलून एक कंडक्टर आत आला आणि त्याच्या मागे पिशवी घेतलेली माझी बायको.

"मास्तर, ह्या बाई तुमच्या काय?" तो घाम पुसत म्हणाला. "लय सांगितलं, बाई, ही निफाडची गाडी हाय. ऐकायलाच तयार नाय! म्हणे, माझ्या मिस्टरांनी सांगितलंय."

तक्ता फक्त भिंतीवर होता. ड्रायव्हर मंडळी गाडी सावली बघून लावायची, आणि त्या दुपारी चार नंबर फलाटाच्या सावलीत निफाडची गाडी उभी होती. अख्खी गाडी बायकोला समजावत होती. नाशिकरोड आलं नाही तेव्हा तिनं मनाशी म्हटलं, रस्ता नवा काढला असेल. चांदोरीला एका म्हाताऱ्यानं तिच्यापुढे हात जोडले. निफाडच्या स्टँडवरची पाटी वाचली तेव्हा कुठे ती उठली.

"अगं, पण कुणाला विचारायचं नाही का?" मी म्हणालो. हे वाक्य मी कधी तिला म्हणेन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"घरातलं वेगळं हो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं होतं. "तुम्ही भोंग्यातून इतकं स्वच्छ बोललात. मला कौतुक वाटलं. म्हटलं, एवढ्या लोकांपुढे सांगतायत, म्हणजे खरंच असणार."

मला आनंद झाला आणि रडूही आलं. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी डोळे झाकून माझं ऐकलं होतं, आणि मी तिला निफाडला पाठवलं होतं.

मी माइक बंद केला आणि तिची पिशवी घेऊन बाहेर आलो. सिन्नरची शेवटच्या फलाटावर उभी होती. मी पाटी वाचली, आत बसलेल्या माणसाला विचारलं, ड्रायव्हरला विचारलं, कंडक्टरला दोनदा विचारलं. मग तिला खिडकीशी बसवलं आणि म्हणालो, "ही सिन्नरचीच आहे."

तिनं मान हलवली. मग शेजारच्या बाईंकडे वळून हळूच विचारलं, "ही सिन्नरलाच जाते ना हो?"

बाई हो म्हणाल्या, तेव्हा ती टेकून बसली.