अनवाणी गोलाचा राखून ठेवलेला निकाल

आमच्या जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेचा इतिहास मी लिहिला, म्हणून कुणी माझ्या क्रीडाप्रेमाचं कौतुक करू नये. मी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होते, एवढीच माझी पात्रता. त्या काळी पुण्यात कॉम्प्युटरवाली मुलगी म्हणजे सगळं येणारी मुलगी. शेजारच्या काकू बंद पडलेला मिक्सरसुद्धा माझ्याकडे घेऊन यायच्या. संघटनेला वेबसाइट हवी होती, कारण शेजारच्या जिल्ह्याची झाली होती. वेबसाइटवर 'आमच्याविषयी' नावाचं एक पान लागतं असं सेक्रेटरींना कुणीतरी सांगितलं, आणि त्या पानावर टाकण्यासारखं अलीकडे आपण काहीच केलेलं नाही, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक होतं. म्हणून इतिहास.

मी हो म्हटलं ते बाबांसाठी. बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. आजोबाही तिथेच फिटर होते. इंग्रजांच्या काळात कारखान्याच्या संघाने गोऱ्यांच्या एका रेजिमेंटला एक-शून्य हरवलं आणि तो गोल आजोबांनी अनवाणी पायाने मारला, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक लग्नात, बारशात आणि एकदा तेराव्यालाही सांगितली गेली आहे. माझे चुलतभाऊ ती ऐकताना एकमेकांकडे बघून हसायचे. बाबांना ते दिसायचं. "एकदा ते कागदावर बघायचंय मला," एवढंच ते म्हणाले.

संघटनेची जुनी इतिवृत्तं सेक्रेटरींच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये, माळ्यावर, आकाशकंदिलाच्या खोक्याखाली होती. अक्षर सुरेख, भाषा इंग्रजी. तीन रविवार वाचलं, पण त्यात फुटबॉल शोधावा लागत होता. छावणीतल्या साहेबांनी संघटना काढली होती ती बहुधा सभा घेण्यासाठी. कर्नलच्या घोड्याने मैदानातलं गवत खाल्लं, यावर एक अख्खी सभा. देशी संघांनी चहा तंबूत घ्यावा की तंबूबाहेर, यावर दोन. (बाहेर, असं ठरलं.) आणि हरलेल्या संघाने तक्रार अर्ज द्यायचाच, हा शिरस्ता. सामन्याचा पूर्वार्ध मैदानात व्हायचा, उत्तरार्ध कमिटीत. साहेब जाताना आपल्याला नेमकं काय देऊन गेले, याचा मला तिथे उलगडा झाला.

तिसऱ्या रविवारी ते पान सापडलं. कारखाना एक, रेजिमेंट शून्य. गोल मारणाऱ्याचं नाव नव्हतं, फक्त 'तो उंच फिटर' असं लिहिलं होतं. आमच्या घरातल्या एकुलत्या एका फोटोत आजोबांचं डोकं दाराच्या चौकटीला लागलेलं आहे. मी माळ्याच्या शिडीवर बसून रडले. डोळ्यांत धूळ गेली असेल, असं सेक्रेटरींना वाटलं.

खाली तक्रार होतीच. विजयी संघ बूट न घालता खेळला. पायात वजन नसल्याने त्यांना जास्त पळता येतं, आणि हे सभ्य खेळाला धरून नाही. कमिटीने पुढच्या सभेपर्यंत निकाल राखून ठेवला. पुढची सभा गणपूर्तीअभावी तहकूब. त्यानंतर रेजिमेंटची बदली झाली आणि तो विषय परत कुणी काढला नाही.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हणजे विषय प्रलंबित आहे."

मी म्हटलं, वेबसाइटचा पासवर्ड माझ्याकडे आहे, एक-शून्य टाकून मोकळी होते. टाकलंही. बाबांनी चष्मा लावून पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "ठराव झालाय का? नाही ना? मग काढ ते. गुपचूप लिहायला तो गोल चोरीचा नव्हता."

मग बाबांनी अर्ज केला. विषय, संदर्भ, पृष्ठ क्रमांक, सगळं रीतसर. सेक्रेटरी म्हणाले, अहो, आमची काहीच हरकत नाही, पण गणपूर्तीला सात लागतात आणि येतात सहा. सातवे सभासद मुलाकडे अमेरिकेला गेले होते. तेव्हा निम्मं पुणं मुलाकडे अमेरिकेला गेलं होतं. बाबा काय करणार? स्वतः सभासद झाले.

सभा खडकीतल्या एका शाळेत होती. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले. खिडकीतून सगळं दिसत होतं. सात डोकी मी दोनदा मोजली. विषय आला, अध्यक्षांनी कुणाची हरकत आहे का विचारलं, आणि बाबा उभे राहिले. म्हणाले, तो खेळाडू माझा बाप आहे. या विषयात माझा संबंध येतो, तेव्हा मी इथे बसणं योग्य नाही. पिशवी उचलली आणि बाहेर येऊन माझ्याशेजारी बसले.

आत सहा उरले. सेक्रेटरींनी बोटाने मोजून खात्री केली. सभा गणपूर्तीअभावी तहकूब.

स्कूटरवर मी त्यांना वाट्टेल ते बोलले. दोन मिनिटं गप्प बसायला काय होत होतं? साहेबानेसुद्धा तुमच्या बापावर एवढा अन्याय केला नाही, असंही बोलून गेले. ते सिग्नलला म्हणाले, "उद्या कुणी म्हणायला नको, पोराने बापाचा गोल मंजूर करून घेतला म्हणून." मला त्यांचा भयंकर राग आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

त्या आठवड्यात इतिहासाच्या पानावरची ओळ त्यांनी मला सांगितली आणि मी ती टाईप केली: कारखाना एक, रेजिमेंट शून्य, निकाल राखून ठेवला आहे. ती छापून त्यांनी आजोबांच्या फोटोखाली चिकटवली. चुलतभाऊ आले की तिथे बोट ठेवायचे. भाऊ वाचायचे आणि हसायचे नाहीत.

बाबा जाऊन आता चार वर्षं झाली. पासवर्ड तोच आहे, आणि शेवटचे चार शब्द पुसायला क्षणही लागणार नाही. मध्यंतरी सेक्रेटरींचा फोन आला. म्हणाले, मॅडम, परत सहाच येतात, तुम्ही सभासद व्हाल का, तुमचा तो जुना विषयही उरकून टाकू.

मी म्हटलं, होते की. फक्त त्या विषयाला मला बाहेर बसावं लागेल.