विलापाची चाल

पडदा सरकला. रंगमंचासमोर तैवानी बंदरावरच्या देवळाचं दार सताड उघडं होतं. आत उदबत्त्यांच्या धुरात काळ्या चेहऱ्याची समुद्रदेवी माझू, बाहेर प्लास्टिकच्या स्टुलांवर मासे निवडायचं काम उरकून आलेल्या बायका. भर दुपार. तरुण सेनापतीच्या वेषात किम-हून उभी होती. साठी कधीच उलटलेली, पण मुकुटावरची लांब पिसं एकदा हलली की वय कुणाच्या लक्षात राहत नसे.

थोड्याच वेळापूर्वी रंगपटात मालकानं तिला बजावलं होतं की आज विलापाची चाल गळ्यातून निघाली तर ठीक, नाही तर सेनापतीचा मुकुट बी-लीच्या डोक्यावर जाईल. बी-ली तिचीच शिष्या. ती कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. ढोलवाला खुन-सान वातावरण हलकं करायला म्हणाला, "काय गं, आज गळा आणलायस ना, की घरीच ठेवलास?"

"गळा आणलाय," किम-हून म्हणाली. "गाणं घरी राहिलंय."

तो हसला. तिला हसू आलं नाही. मुकुट गेला तर उरायचं काय? म्हाताऱ्या दासीची भूमिका आणि पोरींच्या मुकुटांची पिसं झटकणं.

त्यांच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसे. आधी गोष्ट ऐकायची, मग रंगमंचावर उभं राहूनच पदं रचायची. आता कोणती चाल, हे नट बोटांनी ढोलवाल्याला खुणावत. तरुणपणी ती सिनेमात गेली तेव्हा ह्या बोटांनीच तिचा घात केला होता. तैपेईच्या स्टुडिओत तिनं सासू केली, नववधू केली, दरोडेखोरीण केली, भूतसुद्धा केलं. पण रडायचा प्रसंग आला की दोन बोटं डोळ्याखालून आपोआप खाली उतरत आणि तिथं नसलेल्या खुन-सानला चाल सांगत. वैतागून दिग्दर्शकानं हात अडकून राहावेत म्हणून तिला कपड्यांची टोपली धरायला दिली. गाण्याचा आवाज तर तिथं दुसऱ्याच बाईचा असे. किम-हूननं फक्त ओठ हलवायचे, आणि ते तिला फार छान जमलं. पुढे तैवानी भाषेतले सिनेमे बंद पडले, टीव्हीला कोवळे चेहरे हवे होते, आणि ती देवळांच्या अंगणात परत आली.

आता सेनापतीला आईच्या मरणाची बातमी मिळाली. किम-हूनची दोन बोटं डोळ्याखालून उतरली. खुन-साननं ठेका धरला, सारंगी रडू लागली. तिनं तोंड उघडलं. नुसती हवा निघाली.

खुन-साननं ठेका पुन्हा पहिल्यापासून धरला. तिनं पुन्हा जीव ओतला. घोगरा खरखराट, मग तोही नाही. पुढची एक बाई शेजारणीच्या कानाला लागली.

तेवढ्यात पडद्यामागून बी-लीचा आवाज आला. पोरीनं कुणालाही न विचारता ध्वनिक्षेपक उचलला होता. आणि किम-हूनचे ओठ सवयीनं त्या आवाजावर हलू लागले. रचलेला प्रत्येक शब्द तिला आधीच कळत होता. रचायला तिनंच तर शिकवलं होतं. बायका डोळे पुसू लागल्या. विंगेत मालकानं समाधानानं मान डोलावली. मुकुट वाचला होता. असंच आणखी कितीतरी वर्षं चालवता आलं असतं.

पण समोर दार उघडं होतं. पोरवयात मंडळीत आली तेव्हापासून ती अशाच दाराकडे तोंड करून गात आली होती. स्टुलं कित्येकदा रिकामी असत. दार कधीच रिकामं नसे; आत देवी ऐकत असे.

तिचे ओठ मिटले. गाणं मात्र चालूच राहिलं, आणि बायका गोंधळून तिच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहू लागल्या. खुन-सानला तिनं मूठ आवळून दाखवली. ढोल थांबला, सारंगी थांबली, शेवटी बी-लीही थांबली. किम-हूननं दोन्ही हातांनी मुकुट उतरवला, देवळाकडे पाहत गुडघे टेकले आणि उरल्यासुरल्या आवाजात म्हणाली,

"आई, गात होती ती बी-ली. माझ्यापाशी तुला ऐकवण्यासारखं आता काही नाही."